दिसणे, बघणे आणि जागल

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात मोहफुले वेचून आलेला मुलगा सांगतो, ‘मला वाघ दिसला.’ हेच शब्दाला शब्द लावून इंग्रजीत ‘टायगर सॉ मी’ म्हटले, की अर्थच उलटतो : वाघालाच तो दिसला! मराठीत जो दिसतो तो कर्ता. इंग्रजीत ज्याला दिसते तो. म्हणून म्हणावे, ‘आय सॉ अ टायगर.’

‘सी’ म्हणजे नजरेस पडणे. ‘लुक ॲट’ म्हणजे मुद्दाम नजर वळवणे. झुडपाकडे आपण बघतो, पण आत दबा धरून बसलेला वाघ दिसत नाही. तिथे ‘लुक’ झाले, ‘सी’ झाले नाही. मग ‘वॉच’ कोणते? धानाच्या बांधीत रानडुकरे शिरू नयेत म्हणून आपण मचाणावर रात्रभर जागली करतो, ते. ‘वॉच’ आणि जागे होणे या अर्थाचा ‘वेक’ हे मुळात एकाच घरचे शब्द आहेत.

तेव्हा गुरुजी, फळ्यावर तिन्ही शब्दांपुढे नुसते ‘पाहणे’ लिहू नका. दिसणे, बघणे आणि जागल यांतला फरक आपल्या मुलांना पाठ करावा लागत नाही. रानात तो जिवाशी गाठ घालतो. तुम्ही फक्त त्याला इंग्रजी शब्द जोडून द्या.