चित्रण कोणाचे, पुरावा कोणाचा?

(भिंगार येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)



येथे येताना छावणीच्या भिंतीवरची पाटी पुन्हा वाचली : छायाचित्रणास मनाई. अशा पाट्या प्रथम लागल्या तेव्हा कॅमेरा ही चैनीची वस्तू होती. आज पाटी वाचणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात तो आहे. लष्कराने आपली गुपिते सांभाळावीत, त्याबद्दल तक्रार नाही. माझा प्रश्न पाटीच्या अलीकडच्या जगाचा आहे. रेशनचे दुकान, रोजगार हमीचे काम, पोलीस ठाणे, निवडणुकीची कचेरी येथे चित्रण कोण करतो, आणि ते शेवटी कोणाच्या कपाटात राहते?

आपल्यातील वयस्कांना लग्नातला शूटिंगवाला आठवत असेल. खांद्यावर जड कॅमेरा, मागे प्रखर दिवा धरलेला पोऱ्या, आणि प्रतीची प्रत काढली की फिके पडणारे चित्र. १९९५ मध्ये जपानी कंपन्यांनी डिजिटल व्हिडिओची काड्यापेटीहून थोडी मोठी कॅसेट बाजारात आणली. तासभराचे चित्रण तीत मावे आणि प्रत मूळासारखीच निघे. पुढे तो हँडीकॅमही मोबाईलने गिळला आणि २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले. सीमेवरचा जवान आता लेकीचे पहिले पाऊल त्याच दिवशी पाहतो. हे सुख मी क्षुल्लक मानत नाही. मात्र फळवाटपात घेणाऱ्याचा चेहरा स्वतःहून अधिक वेळ दाखवणारे चित्रण आपलेही कार्यकर्ते करतात, हेही येथेच सांगून टाकतो.

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांचे पोट हजेरीपटावर अवलंबून होते आणि हजेरीपट मुकादमाच्या हाती होता. म्हणून तो पाहायला मागणे हीच लढाई होती. पन्नास वर्षांनी, १ जानेवारी २०२३ पासून, मनरेगाच्या सार्वजनिक कामांवर मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो काढून ॲपवर चढवणे सक्तीचे झाले. भ्रष्टाचार थांबावा हा हेतू सांगितला गेला. प्रत्यक्षात नेटवर्क नसले की घाम गाळूनही हजेरी बुडे. कॅमेरा आला, पण तो मुकादमाच्याच बाजूला उभा राहिला.

आता शेजारच्या जालन्याचे प्रकरण पाहा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तेथे अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप असा, की २७ सप्टेंबरला दुपारी तीनची मुदत टळल्यावर खोतकरांचे उमेदवारी अर्ज स्वीकारले गेले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीत सरकारी कॅमेरे चालू होते, म्हणजे साक्षीदार सरकारनेच नेमलेला! त्या चित्रणाच्या सीडी मिळाल्या, परंतु ती कोणत्या यंत्रावर व कशी तयार झाली याचे कायद्याने लागणारे प्रमाणपत्र अधिकाऱ्यांनी वारंवार मागूनही दिले नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवड रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल १४ जुलै २०२० ला लागला. मूळ यंत्रच न्यायालयात हजर होणार नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य, अधिकारी ते देत नसेल तर न्यायाधीशाकडे आदेश मागता येईल, असे न्यायालयाने ठरवले. खोतकरांचे अपील फेटाळले गेले, तेही इतर पुराव्याच्या बळावर. तोवर त्या विधानसभेची मुदत संपून पुढची निवडणूकही होऊन गेली होती.

एका आमदारकीच्या उमेदवाराची ही गत. मग अतिक्रमण म्हणून जिची टपरी हलवली त्या बाईच्या फोनमधल्या चित्रणाला कोण विचारणार? चित्रण सर्वांना करता येऊ लागले म्हणून पुरावा सर्वांच्या हाती आला, असे समजणे भाबडेपणाचे आहे.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे अमलात आले. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राला आता दोन भाग आहेत : एक चित्रण सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलचा अंकी ठसा, ज्याला हॅश म्हणतात, तोही द्यावा लागतो. गरिबाने हा तज्ज्ञ कोठून आणावा याचे उत्तर मागणे हे आपले काम आहे. दुसरीकडे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने पोलिसांवर झडती व जप्तीचे चित्रण करण्याचे बंधन घातले. झोपडीवर झडती येईल तेव्हा ‘चित्रण चालू आहे काय?’ हे विचारण्याचे धैर्य वस्तीतल्या पोरांना आपण दिले पाहिजे.

आपल्या बाजूचा गलथानपणाही कमी नाही. व्हॉट्सॲपवरून पाठवलेले चित्रण आकसते, त्याचा ठसा बदलतो. आपण ते शंभर जणांना पाठवतो आणि फोन भरला म्हणून मूळ पुसून टाकतो. वर गाणे चढवतो ते वेगळेच. मूळ चित्रणाला कात्री लावू नये, ते ज्या फोनवर केले तो विकू नये, आणि प्रत केबलने संगणकात उतरवावी.

प्रत्येक शाखेने एक वही घालावी. तारीख, वेळ, ठिकाण, फोन कोणाचा, चित्रण कोणी केले, मूळ फाइल कोठे आहे, आणि ज्याचे चित्रण झाले त्याची संमती होती काय, एवढे तीत लिहावे. पुढच्या बैठकीत ती वही मी पाहायला मागणार आहे.