पाणी भिंतीपाशी येण्याआधी
(मे महिन्याच्या सभेतलं बोलणं)



पावसाळ्याआधीच्या कामांवर बोल, असं मला सांगितलंय. मी माझ्याच घरातली गोष्ट सांगते.

आमचं घर उतारावर, मागची भिंत दरडीकडे. मागची खोली ओटीपेक्षा तीन पायऱ्या खाली. शहरात तिला तळघर म्हणतील, आम्ही 'खालची खोली' म्हणतो. तीन वर्षांपूर्वी गटाची आमसुलं आणि कुळथाचं पीठ तिथेच ठेवलं होतं. जुलैत एका रात्रीत वीतभर पाणी भरलं. माल गेला. कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच भरायचा होता. दहाजणींची मेहनत माझ्या घरात बुडाली. पुढच्या दोन बैठकांत माझी मान वर झाली नाही.

आधी आम्ही काय करायचो? दरवर्षी आतून सिमेंटचा गिलावा. दरवर्षी तो फुगून पडायचा. पाणी बाहेरून रेटत असेल तर आतला गिलावा किती दिवस धरणार? घरात म्हणायचे, "पावसाळ्यात पाणी यायचंच." मग एकदा भर पावसात छत्री घेऊन मी मागीलदारी उभी राहिले. तेव्हा कळलं, पाणी दोन वाटांनी येतंय. छपरावरून आणि दरडीवरून.

छपराचा हिशोब बघा. २० बाय ३० फुटांच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी होतं साडेपाच हजार लिटर. म्हणजे २०० लिटरची २७-२८ पिंपं! त्यातली निम्मी मागच्या भिंतीच्या पायात ओतली जात होती. आपल्या कोकणात एका दिवसात एवढा पाऊस काही नवलाचा नाही.

पुढच्या मेमध्ये गटातल्या बाया कुदळ-घमेली घेऊन आल्या. काय केलं ते सांगते.

पहिलं, मागच्या पागोळ्यांखाली पन्हळ लावली आणि पाइपाने पाणी घरापासून लांब सोडलं. त्यासाठी गटातूनच अंतर्गत कर्ज घेतलं.

दुसरं, भिंतीलगत माती दाबून उतार केला. भिंतीपासून दहा फुटांवर जमीन अर्धा फूट खाली हवी. तेवढी जागा नसेल तर असेल तेवढ्यात उतार काढा. दोन घागरी पाणी ओतून बघा, कुठे पळतं ते लगेच दिसतं.

तिसरं, दरडीच्या वरच्या अंगाला आडवा चर काढला. त्यालाही उतार हवा, पाणी साचलं तर तेच खाली मुरतं. दरडीचा पायथा मात्र खणू नका, माती सुटते. आणि चराचं तोंड शेजारणीच्या दारात काढू नका. व्हाळाकडे न्या, शेजाऱ्यांना विचारून न्या.

चौथं, पन्हळीतला आणि चरातला पातेरा. मृगाआधी एकदा काढायचा आणि पावसात दर आठवड्याला बघायचा. चर तुंबला तर नसल्यासारखाच.

आता खरं सांगते, भिंतीला ओल अजून येते. पण त्यानंतर खोलीत पाणी साचलेलं नाही. तरी माल जमिनीवर ठेवत नाही, दोन चिऱ्यांवर फळी टाकून ठेवतो.

दोन गोष्टी जिवाच्या. खोलीत पाणी भरलं तर आधी बाहेरूनच मेन स्विच बंद करा. तो पाण्यातून जाऊन गाठावा लागत असेल तर हात लावू नका, वायरमनला बोलवा. आणि दरडीला भेग दिसली, झाड कललं किंवा एकाएकी गढूळ पाणी फुटलं, तर सामान बघत बसू नका. पोरं-म्हातारी घेऊन बाहेर पडा.

घराची डागडुजी हे पुरुषांचं काम, असं आपणच धरून चालतो. पण पाणी भरलं की उपसतो कोण? आपणच ना! मग अडवायचं कसं, तेही आपणच ठरवू. मृगाला थोडेच दिवस उरलेत. या आठवड्याच्या बैठकीत एवढंच विचारा, आपल्यातल्या कोणाच्या घरात पाणी येतं? आणि कुदळी घेऊन आधी तिच्याकडे जा.