आधी कलम उघडा!

वकील व्हायला काय लागतं, असा विषय मला दिलाय. बारावीनंतर 5 वर्षं की पदवीनंतर 3, सीईटी कधी, किमान 45 टक्के भरतात की नाही, हे पोरांना तोंडपाठ असतं. त्यात मी वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते मूळ कायदा वाचण्यावर. गाईड नव्हे, नोट्स नव्हेत, आणि झेरॉक्सच्या दुकानातले ‘हमखास येणारे प्रश्न’ तर नव्हेतच. बेअर ॲक्ट!

तुम्ही म्हणाल, नोट्सवर पेपर सुटतो की. सुटतो, कॉलेजचा. पण एलएल.बी. झालं म्हणजे लगेच वकील होत नाही. बार कौन्सिलची सनद घ्यावी लागते, आणि पुढे दोन वर्षांत ऑल इंडिया बार एक्झामिनेशन पास व्हावं लागतं. 2023 साली सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं या परीक्षेवर शिक्कामोर्तब केलं. परीक्षेला बेअर ॲक्ट जवळ ठेवता येतो, फक्त त्यात टिपणं नकोत. पास व्हायला 45 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 40. आणि पुस्तक समोर असूनही मुलं नापास होतात!

का होतात? दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात फोडणी करून बघा. तेल तापलंय आणि मोहरी कुठल्या डब्यात, ठाऊक नाही. एकेक झाकण उघडेपर्यंत धूर! डबे सगळे फळीवरच असतात हो, हात सरावलेला नसतो. गाईड म्हणजे तयार मसाल्याचं पाकीट. त्यावर एक भाजी निभते. पण पक्षकार जी भाजी घेऊन येतो, ती कुठल्याच पाकिटावर छापलेली नसते. त्यात 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचं 302 झालं 103, फसवणुकीचं 420 गेलं 318 मध्ये. म्हणजे जुन्या जाणत्यांचेसुद्धा डबे हलले. आता सगळेच नव्याने झाकणं उघडताहेत. तुम्ही मागे का राहता?

एक कलम उघडूनच दाखवतो. वकील कोणाला होता येतं, हे 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 24 मध्ये आहे. भारताचा नागरिक, वय 21 पूर्ण, कायद्याची पदवी. इथवर सगळे वाचतात. जरा खाली उतरा. नोंदणीची फी: राज्याच्या बार कौन्सिलला 600 रुपये, बार कौन्सिल ऑफ इंडियाला 150. झाले 750. अनुसूचित जाती-जमातींना 125. मुद्रांक शुल्क वेगळं. प्रत्यक्षात मात्र राज्योराज्यी नवख्या वकिलांकडून हजारो रुपये घेतले जात होते, आणि आईबाप कर्ज काढून भरत होते. 30 जुलै 2024 ला सुप्रीम कोर्टानं बजावलं, कलमात लिहिलंय त्याहून जास्त फी घेता येणार नाही. आकडा तर कधीचा छापलेला होता! भरणाऱ्यांपैकी कितीजणांनी कलम उघडून पाहिलं असेल?

ज्यांनी रेडिओ आत्ता लावला, त्यांच्यासाठी पुन्हा सांगतो: मूळ कायदा वाचा. रोज एक कलम, मोठ्यानं. ‘परंतु’ने सुरू होणारं परंतुक गाळू नका, पुष्कळ दावे त्या ‘परंतु’वरच फिरतात. इंग्रजीची धास्ती वाटते? मराठी भाषांतर शेजारी ठेवा. तालुक्याच्या कोर्टात मराठी चालते, हायकोर्टात इंग्रजी लागते, तेव्हा दोन्ही हवंच. पण वाचायचं ते कलम, त्याचा सारांश नव्हे.

काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होतेय. खरं तर सनदेनंतर सीनिअर कसा निवडावा, हेही सांगायचं होतं. पहिली काही वर्षं घरून पैसे मागवावे लागतात, त्याचं काय करायचं... असो, ते राहिलंच. एवढं ऐका. सीनिअरकडे दरमहा काय मिळेल, हे पहिल्याच भेटीत विचारा. लाजू नका. स्वतःच्या हक्काचं मागता येत नसेल, तर पक्षकारासाठी काय भांडणार?