सीईटीचा अर्ज भरला का?



बचत गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, की बोलणं मुलांच्या शिक्षणावर येतंच. 2024च्या जूनमधली एक बैठक मला आठवते. आमच्या गटातल्या एक ताई डोंबिवलीत पोळीभाजी केंद्र चालवतात. मुलीला बारावी कॉमर्सला चांगले मार्क पडले, म्हणून दोघी बीएमएसच्या प्रवेशाची चौकशी करायला गेल्या. तिथं विचारलं, "सीईटी दिली का?" मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. त्याच वर्षापासून बीबीए, बीसीए, बीएमएस या अभ्यासक्रमांना सीईटी सुरू झाली होती आणि परीक्षा होऊनही गेली होती. नशिबानं ती परीक्षा त्या वर्षी पुन्हा घेतली गेली, म्हणून मुलीचं वर्ष वाचलं.

तेव्हापासून मी प्रत्येक बैठकीत सांगते, अभ्यासात मागे पडलेली मुलगी पुढे येऊ शकते, पण जिचा अर्जच भरलेला नाही तिला परीक्षेला बसताच येत नाही.

सीईटी फक्त डॉक्टर-इंजिनिअर होणाऱ्यांची, हा समज आधी सोडा. नर्सिंगला सीईटी आहे, पाच वर्षांच्या वकिलीच्या अभ्यासक्रमालाही आहे. हे अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरावे लागतात. म्हणून डिसेंबर उजाडला की राज्य सीईटी कक्षाचं संकेतस्थळ दर आठवड्याला उघडून बघा. शेजारणीनं सांगितलेल्या तारखेवर जाऊ नका.

आता सायन्सच्या मुलींसाठी. इंजिनिअरिंग आणि फार्मसीची एमएचटी-सीईटी संगणकावर होते. चुकलेल्या उत्तराचे मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. गणित इंग्रजीतच असतं. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र मराठीतूनही देता येतं. साधारण वीस टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासावर असतात. दहावी झाली, आता वर्षभर आराम, असं म्हणणाऱ्या मुली इथंच मार खातात. घरी संगणक नसेल, तर निदान चार वेळा सायबर कॅफेत बसवून सराव परीक्षा द्यायला लावा. माऊस हातात धरायची सवय परीक्षेच्या दिवशी लागत नाही.

निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. ऐंशी पर्सेंटाइल म्हणजे ऐंशी टक्के मार्क नव्हेत. शंभरातल्या ऐंशी मुलांना तुमच्या मुलीइतके किंवा तिच्याहून कमी मार्क आहेत, असा त्याचा अर्थ. तो आकडा बघून मुलीला ओरडण्याआधी एवढं समजून घ्या.

"पण ताई, फी कुठून आणायची?" हा प्रश्न येतोच. त्या भीतीपायी कितीतरी जणी अर्जच भरत नाहीत. 2024-25पासून इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर ही सवलत मिळत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी शिष्यवृत्तीच्या वेगळ्या योजना आहेत.

कागदपत्रं मात्र आधीच तयार ठेवा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर, यातलं तुम्हाला जे लागतं ते आत्ताच काढायला टाका. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांगा लागतात.

परीक्षेच्या दिवशी दोन तास आधी निघा. पेपर रविवारी असला तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक कुठं आहे ते आदल्या दिवशीच बघा. दिवा-मुंब्र्याची गर्दी आपल्याला ठाऊक आहे.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. कर्जाच्या वहीत मागचं एक पान घ्या. कोणाची मुलगी, कोणाचा मुलगा अकरावी-बारावीला आहे ते लिहा आणि प्रत्येक नावापुढे विचारा, अर्ज भरला का? हप्ता चुकला तर आपण दारात जाऊन उभ्या राहतो. तसंच या कामासाठीही जाऊ या.