नाक मोकळे आहे ना?
(वर्धापनदिनी झालेले व्याख्यान)



मुलाचा ताप, खोकला आया काळजीने सांगतात. ‘रात्री आ वासून घोरतो’ हे मात्र हसत, उठता उठता सांगतात. मी त्यांना पुन्हा बसवून घेते.

मूल ओठ मिटून किती वेळ बसते, हे आम्ही आधी पाहतो. मग नाकाखाली गार आरसा धरतो. श्वास सोडला की दोन्ही नाकपुड्यांची वाफ त्यावर उमटते. ही युक्ती डच शास्त्रज्ञ झ्वार्डेमाकर यांनी १८८९ साली वापरली. ती अजून चालते. एका बाजूची वाफ कमी दिसली तर लगेच घाबरू नये. निरोगी नाकातही काही तासांनी आळीपाळीने एक बाजू सुजते, दुसरी मोकळी होते. (योगी मंडळींना चंद्रस्वर-सूर्यस्वर ठाऊकच होते, कायझर या जर्मन डॉक्टरांनी १८९५ साली त्याची शास्त्रीय नोंद केली!)

मोठ्यांचा गाल बाहेर ओढूनही पाहतो, पण त्याने निरोगी माणसालाही थोडे बरे वाटतेच. नेमके माप हवे तर मुखवटा लावून एकेका नाकपुडीतून किती दाबाला किती हवा वाहते ते यंत्रावर मोजतात. मग नाक मोकळे करणारे औषध घालून पुन्हा मोजतात. आकडा सुधारला तर बहुधा अस्तराची सूज, नाही तर हाडाचा वाकडेपणा.

मुलांत मात्र बहुतेक वेळा नाकामागच्या ॲडिनॉइड गाठी वाढलेल्या असतात. कोपनहेगनच्या मायर यांनी १८६८ साली त्यांचे वर्णन केले. त्यांनी नाकाबरोबर कानाची वाटही अडते. वर्गात ‘हिचे लक्ष नसते’ म्हणून बोलणी खाणारी एक सात वर्षांची मुलगी माझ्याकडे आली होती. तिला बिचारीला नीट ऐकूच येत नव्हते! अशा वेळी दुर्बिणीने गाठ पाहतो, श्रवण तपासतो. झोपेत श्वास थांबून मूल दचकत असेल, तर झोपेचीही तपासणी लागते.

आणि एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत चिंचोका, मणी शोधावा लागतो. खेळण्यातली चपटी बॅटरी असेल तर ती काही तासांतच आतला पडदा जाळते. तेव्हा घरी चिमटा घालू नका, सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी मुलाला इस्पितळात न्या.

आता मी आरसा आणलाच आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी पुढे यावे.