मांडवीकाठचे जुने सचिवालय
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी सरकारी खात्यात विजेची कामे पाहणारा डिप्लोमावाला माणूस. कलेवर बोलायचा मला अधिकार नाही. पण पणजीतल्या एका इमारतीशी आमच्या घराचा संबंध आहे, तेवढे सांगतो.

मांडवीकाठच्या आदिलशहाच्या राजवाड्याला आपण ‘जुने सचिवालय’ म्हणतो. १५१० मध्ये तो पोर्तुगिजांच्या हाती गेला. १७५९ पासून व्हाइसरॉय तिथे राहू लागले. मुक्तीनंतर तिथेच आपले सचिवालय आणि विधानसभा होती. २००० साली विधानसभा पर्वरीला गेली आणि तिथली वर्दळ ओसरली. २०१६ मध्ये सेरेंडिपिटी कला महोत्सव सुरू झाला, तेव्हा त्याची प्रदर्शने इथे भरली.

माझे बाबा सचिवालयात शिपाई होते. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जात असे, तो फाटकावरच द्यायचा. आत काय आहे ते कधी दिसले नाही.

प्रदर्शन लागले तेव्हा बाबांना घेऊन गेलो. दारात रक्षक पाहून ते थबकले. “आत सोडतील ना रे?” सगळी नोकरी त्याच दारातून ये-जा केलेला माणूस मला विचारत होता! कोणी अडवले नाही.

सवयीने मी आधी वायरिंग पाहिले. जुन्या भिंती, चुन्याचा गिलावा, त्यात नदीची दमट हवा. अशा वास्तूत प्रदर्शनाच्या दिव्यांचा लोड जुन्या वायरवर टाकून चालत नाही, वेगळी लाइन ओढावी लागते. खिळा ठोकतानाही दहादा विचार करावा लागतो.

बाबा मात्र एका चित्रासमोर बराच वेळ उभे होते. म्हणाले, “इथे बाक होता. माणसे अर्ज धरून दिवसभर बसायची. आता चित्र बघायला थांबतात. बरे झाले, कोणाच्या सहीची वाट बघायला नको.”

त्या वास्तूच्या इतिहासात आदिलशहा येतो, व्हाइसरॉय येतात, मंत्री येतात. बाकावरची माणसे येत नाहीत. ती फक्त आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना आठवतात. म्हणून विनंती एवढीच, की तिथे पुन्हा प्रदर्शन भरेल तेव्हा त्यांना घेऊन जा. त्यांचे पाय चालताहेत तोवर जा.

चवथीला आपण माटोळी बांधतो, तीही कलाच. ती बघायला येणाऱ्याला आपण दारात अडवत नाही. मग त्या दारात आपणच का बिचकायचे?

गणपती बाप्पा मोरया!