दाताच्या दवाखान्यातील हत्यारे आणि ती धुणारे हात



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी बोनसवर किंवा तळोज्याच्या कारखान्यांतील कंत्राटी पद्धतीवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी म्हटले, दाताच्या दवाखान्यात एक रोगी उठतो आणि दुसरा खुर्चीत बसतो, त्या मधल्या वेळात हत्यारांचे काय होते, यावर बोलतो. विषय हाच ना, असे त्यांनी मला दोनदा विचारून घेतले. मी डॉक्टर नव्हे. शाळा माझी सातवीतच सुटली. पुढचे जे काही शिकलो ते पुस्तकांतून आणि कामगारांत राहून शिकलो. पण हत्यार, वाफ, दाब, वेळ आणि मजुरी यांच्याशी माझा तीस वर्षांचा संबंध आहे, आणि हा विषय खरे पाहता याच पाच गोष्टींचा आहे.

नीट साफ न केलेल्या एका हत्याराने काय होऊ शकते, याचे उदाहरण शोधायला विलायतेत जायला नको. आपल्या परळशी जोडलेले एक आहे. डॉ. हाफकिन यांची प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात आली. आज तिलाच आपण हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो. तिथे भरलेल्या काही बाटल्या ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी उघडल्या गेल्या. त्या दिवशी १०७ माणसांना लस टोचली. त्यांपैकी १९ जणांना एका विशिष्ट बाटलीतली लस मिळाली होती. ते एकोणीसही धनुर्वाताने मेले. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनसाहेबांना कामावरून दूर व्हावे लागले. पुढे १९०७ साली रोनाल्ड रॉस आणि दुसऱ्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रात त्यांची बाजू मांडली, तेव्हा लोकांचे लक्ष खऱ्या जागी गेले. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा त्या गावी मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो पुरता निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. एक चिमटा, एक बाटली आणि एकोणीस माणसे.

आपण म्हणाल, ती प्लेगाच्या काळातली गोष्ट झाली. तर मग २०२३ च्या सुमाराची ऐका. तमिळनाडूत वाणियंबाडी नावाचे गाव आहे. तिथल्या एका दाताच्या दवाखान्यात जाऊन आलेल्या दहा रोग्यांच्या मेंदूला एक दुर्मिळ विकार जडला, आणि त्यांतील आठ दगावले. त्या विकाराचे नाव मेलिऑइडोसिस. त्याचाही जंतू माती-पाण्यातलाच. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनी इतर संशोधकांबरोबर याचा माग काढला. तो अहवाल २०२५ साली प्रसिद्ध झाला. सलाईनची बाटली हिरडी सोडवण्याच्या हत्याराने उघडायची, सैल झाकून ठेवायची आणि पुढच्या रोग्याला तीच वापरायची, अशी तिथली रीत होती. मुल्कोवालनंतर एकशे वीस वर्षांनी पुन्हा तेच : एक हत्यार आणि एक बाटली. मधल्या काळात माणूस चंद्रावर जाऊन आला.

आता हत्यार निर्जंतुक करायचे म्हणजे काय करायचे? आपल्याकडे ‘उकळले की झाले’ अशी समजूत आहे. पाणी शंभर अंशांवर उकळते. त्या उष्णतेने पुष्कळ जंतू मरतात. पण काही जंतू बिकट काळात स्वतःभोवती कवच करून बसतात. धनुर्वाताचा जंतू त्यांतलाच. तो शंभर अंशांना दाद देत नाही. त्याला वाफ दाबाखाली हवी. १८७९ साली पाश्चर यांचे सहकारी शांबरलां यांनी त्यासाठी जे भांडे बनवले, तो ऑटोक्लेव्ह. इथे बसलेल्या भगिनींना तो नव्याने समजावून सांगायला नको. आपल्या घरचा कुकर हा त्याचाच धाकटा भाऊ. आणि बॉयलरवर काम केलेल्या माझ्या बंधूंना एवढेच सांगतो की दर चौरस इंचाला पंधरा पौंड जादा दाब चढला की वाफ १२१ अंशांवर जाते. उघडी हत्यारे त्या वाफेत निदान पंधरा मिनिटे राहिली पाहिजेत, पिशवीत बंद केलेली तीस मिनिटे. दाब दुप्पट करून १३४ अंश गाठले तर तीन-चार मिनिटांत काम होते. हा वेळ आच पूर्ण चढल्यानंतरचा मोजायचा. मध्येच वीज गेली, तर पहिल्यापासून सुरुवात. नावड्यात वीज किती वेळा जाते हे आपण जाणता.

पण वाफेच्या आधी धुणे आहे, आणि खरी मेहनत तिथेच आहे. रक्त हत्याराला चिकटून वाळले की त्याच्या पापुद्र्याखाली जंतू सुरक्षित राहतात. वाफ तिथवर पोचतच नाही. म्हणून हत्यार ओले असतानाच घासायचे, त्याचे सांधे उघडून घासायचे, कोरडे करायचे, पिशवीत भरायचे आणि मगच भांड्यात घालायचे. भांडे खच्चून भरायचे नाही. वाफेला फिरायला जागा हवी. नंतर पिशव्या भांड्यातच पूर्ण वाळू द्यायच्या. ओली पिशवी बाहेर काढली की ओलाव्यातून जंतू पुन्हा आत शिरतात.

दात कोरण्याचे जे यंत्र, ज्याच्या आवाजानेच निम्मे लोक दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरतात, त्याची तऱ्हा निराळी. ते मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेते. थांबताना ते तोंडातली लाळ आणि रक्त आपल्या पोटात ओढून घेऊ शकते. बाहेरून स्पिरिटचा बोळा फिरवला तर पोटातले तसेच राहते. म्हणून प्रत्येक रोग्यानंतर त्यातून वीस-तीस सेकंद पाणी आणि हवा सोडायची, मग ते काढून धुवायचे, त्यात तेल घालायचे आणि ऑटोक्लेव्हमध्ये ठेवायचे. हे यंत्र महाग असते आणि वाफेने लवकर झिजते. तेव्हा कुठे हात आखडता घेतला जातो, हे सांगायला दंतवैद्य असायची गरज नाही.

आता थोडे गणित करू. कारखान्यात वाटाघाटीला बसण्यापूर्वी आम्ही असेच करतो. समजा, संध्याकाळी सहा ते नऊ दवाखाना उघडा असतो. दर रोग्याला पाव तास, म्हणजे बारा रोगी. हत्यारांचे संच चार. एक संच पाव तास वापरात जातो. मग धुणे, वाळवणे, पिशवीत भरणे, आच चढणे, वाफ, सुकणे, थंड होणे. याला घाईघाईने केले तरी सव्वा तास धरा. म्हणजे एक संच दीड तासाने पुन्हा हातात येतो. तीन तासांत एक संच दोनदा, चार संच आठदा. आठ रोग्यांना निर्जंतुक हत्यार मिळाले. उरलेल्या चौघांना काय मिळाले? पाण्याखाली विसळलेले, नाहीतर दहा मिनिटे औषधात बुडवलेले. ग्लुटारल्डिहाइड नावाचे जे औषध सर्रास वापरतात, त्याच्या दोन टक्के द्रावणात हत्यार खरोखर निर्जंतुक व्हायला दहा मिनिटे नव्हे, दहा तास लागतात. इथे डॉक्टर वाईट आहे असे मी म्हणत नाही. संच सहा असते तर बाराही रोगी सुखरूप होते. प्रश्न नीतीचा कमी आणि संचांच्या संख्येचा जास्त आहे.

आणि हे सगळे करते कोण? डॉक्टर नव्हे. कोपऱ्यातल्या मोरीपाशी उभी असलेली मदतनीस मुलगी. ती आपल्याच नावड्याची, तळोज्याची, कळंबोलीची असते. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्यांची नोंदणी ठरवली, दात साफ करणाऱ्यांची आणि कवळ्या बनवणाऱ्यांचीही ठरवली. हत्यारे धुणाऱ्या मदतनिसाला त्यात जागा नव्हती. दवाखान्यात माणसे दहाच्या आत असली म्हणजे कामगार विमा योजनेचे दारही सामान्यतः बंद. आमच्या युनियनच्या कचेरीत एकदा एका कामगाराची मुलगी आली. हत्यारे धुताना तिला रोग्याला टोचलेली सुई लागली होती. मालकांनी ‘बोट धुऊन घे’ म्हटले, आणि रक्त तपासायला गेली त्या दिवसाचा पगार कापला. कोणता दवाखाना, ते सांगत नाही. मुलीला दुसरीकडे नोकरी करायची आहे.

तिच्या बाजूने कायदा नाही, असे मात्र समजू नका. २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ-बी आणि धनुर्वात यांची लस टोचून देणे ही दवाखाना चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. लहान दवाखानाही त्यातून सुटत नाही. वापरलेल्या सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यातच गेल्या पाहिजेत. आणि कावीळ-बीचा विषाणू सुकलेल्या रक्तात निदान आठवडाभर जिवंत राहतो, हे त्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगायला हवे. त्याबरोबर जाड रबरी हातमोजे द्यायला हवेत. रोग्याला तपासताना घालतात ते पातळ मोजे या कामाला उपयोगाचे नाहीत. सुई त्यातून सहज आत जाते.

रोग्याने काय करावे, असे आपण विचाराल. हत्यारांची पिशवी आपल्यासमोर फोडायला सांगावी. पिशवीवर एक खूण असते, तिचा रंग आचेने बदलतो. तो बदलला आहे का पाहावे. पण रंग बदलला म्हणजे पिशवीला आच लागली एवढेच कळते, जंतू मेले की नाही हे नव्हे. त्यासाठी चिवट जंतूंची एक चाचणीपट्टी भांड्यात ठेवून मग तपासतात. ती आठवड्यातून एकदा व्हायला हवी. ती करता का, हे डॉक्टरांना विचारावे; मुलीला विचारू नये. खरे सांगितले तर तिची नोकरी जाते.

यावर एका दंतवैद्य मित्राने मला रोखठोक विचारले, ‘संच वाढवले, आणखी एक मदतनीस ठेवली, तर फी वाढेल. तुमचे कामगार देतील का?’ प्रश्न रास्त आहे. मी त्यांना म्हटले, हिशेब कागदावर मांडून द्या. एका संचाला किती, एका पगाराला किती, आणि ते बारा रोग्यांत वाटले तर माणशी किती. तो कागद मी गेटवर घेऊन जातो. अजून त्यांनी दिलेला नाही. पण दोन संच मात्र त्यांनी वाढवले आहेत.